सातव्या दिवशी पुन्हा रक्त दिसलं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४१, काम बैठं. दुसऱ्या बाळंतपणापासून मूळव्याधीचा त्रास आहे. गेल्या वर्षभरात शौचाच्या वेळी रक्त पडायला लागलं, मोड बाहेर यायचा आणि आपोआप आत जायचा. सर्जननी तपासून रबर बँड लावला. ‘दहा मिनिटांचं काम आहे, भूल लागत नाही, उद्यापासून कामावर जा’ असं त्यांनी सांगितलं होतं. बँड लावून झाल्यावर बाईंना थोडी चक्कर आली. पहिले दोन दिवस सतत शौचाला लागल्यासारखं वाटत राहिलं. दुखेल या भीतीनं त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं आणि पाणीही कमी केलं. सातव्या दिवशी सकाळी भांड्यात रक्त दिसलं, नंतर पुसताना थोडं लागलं. ताप नाही, फारसं दुखतही नाही. घरी नवऱ्याला ‘पोट बिघडलंय’ एवढंच सांगितलंय. त्या विचारतात: ‘उपचार फसला का? मीच चुकीच्या सवयींनी हे ओढवून घेतलं का? घरी सांगू का? आणि सहा आठवड्यांनी दुसरा बँड लावायला बोलावलंय, तर जाऊ की नको?’

ताई, नमस्कार.

आधी रक्ताबद्दल बोलू, कारण तुमच्या पत्रातली सगळी घालमेल तिथूनच सुरू होते. सातव्या दिवशी थोडं रक्त दिसलं यावरून उपचार फसला असं म्हणता येत नाही. रबर बँड मोडाच्या मुळाशी घट्ट बसतो आणि त्याचा रक्तपुरवठा बंद करतो. तो भाग सुकत जातो आणि साधारण तीन ते दहा दिवसांत बँडसकट गळून पडतो. शौचाबरोबर निघून जातो, बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. तो गळला की आत एक लहानसा व्रण राहतो आणि त्यातून थोडं रक्त येतं. तुमचा सातवा दिवस नेमका या काळात येतो. पुढचे आठ-दहा दिवस अधूनमधून पुसताना लाल डाग दिसला, तरी तो व्रण भरत असतानाचा असू शकतो.

भांड्यात दिसणाऱ्या रक्ताचा अंदाज चुकतो, हेही लक्षात घ्या. चमचाभर रक्त पाण्यात पडलं की सगळं पाणी लाल होतं, आणि तिथे वाकून बघणाऱ्याला वाटतं की पेलाभर रक्त गेलं. म्हणून रक्त पाण्यावरून मोजू नका. पॅड किंवा स्वच्छ कापड ठेवा आणि तासाभरानं त्यावर किती डाग पडलाय ते बघा.

पण कोणतं रक्त दिसलं तर वाट बघत थांबायचं नाही, हेही इथेच स्पष्ट सांगते. शौचाला न जाताही रक्त येत राहिलं, पॅड भिजून बदलावं लागलं, मोठ्या गुठळ्या पडल्या, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा छाती धडधडायला लागली, तर सकाळची वाट बघू नका. तेव्हाच रुग्णालयात जा, तेही कुणाला तरी सोबत घेऊन. दुसरी गोष्ट फार क्वचित घडते, पण घडली तर गंभीर असते: दुखणं दिवसागणिक कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातं, ताप किंवा थंडी वाजून येते आणि लघवी अडते. बँड लावल्यावर ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर आत जंतुसंसर्ग पसरत असल्याची शंका घ्यावी लागते. तिथे उशीर चालत नाही, आणि तिघांतलं एकच दिसलं तरी डॉक्टरांना फोन करायचा. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांत यातलं काही नाही. तरीही आज सर्जनच्या दवाखान्यात फोन करून ‘सातव्या दिवशी एकदा रक्त पडलं, आता पुसताना थोडं लागतंय’ एवढं कळवून ठेवा. ही तक्रार त्यांना नवी नसते, त्यामुळे फोन करायला संकोच नको. रक्त पातळ ठेवणारी गोळी किंवा ॲस्पिरिन चालू असेल तर तेही त्याच फोनवर सांगा. फक्त ती गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. ती ज्या कारणासाठी दिलीय, ते कारण अनेकदा मूळव्याधीपेक्षा मोठं असतं.

आता ‘दहा मिनिटांचं काम’ याबद्दल. डॉक्टरांनी तुम्हाला खोटं सांगितलं नाही, पण अर्धंच सांगितलं असं मला वाटतं. बँड लावायला खरोखर तेवढाच वेळ लागतो आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक जण कामावर जाऊ शकतात. पण शरीराचं काम त्यानंतर सुरू होतं, आणि त्याला दोन ते तीन आठवडे लागतात. हे आधी कुणी समजावलं नाही, की मग प्रत्येक साध्या खुणेचा अर्थ माणूस ‘माझंच काहीतरी बिघडलं’ असा लावतो. तुम्हीही तेच केलंत, आणि त्यात तुमचा दोष नाही.

पहिल्या दोन दिवसांतली ती सततची शौचाची भावना घ्या. आतल्या मोडावरच्या अस्तराला टोचलेलं किंवा कापलेलं आपल्या त्वचेसारखं जाणवत नाही, म्हणून तर भूल न देता बँड लावता येतो. पण ताण आणि दाब त्याला कळतो. बँडनं आवळलेला तो गोळा तिथे असतो आणि गुदाशयाला वाटतं की शौच उरलंय. माणूस जाऊन बसतो, काही होत नाही, मग कुंथतो. असं कुंथल्यानं त्या आवळलेल्या भागावरच जोर येतो, सूज वाढते आणि ती भावनाही वाढते. नुकताच बँड लावून आलेल्या सगळ्या वाचकांना माझं सांगणं आहे: पहिल्या एक-दोन दिवसांत ‘अजून साफ झालं नाही’ असं वाटलं तरी त्या भावनेच्या मागे जाऊन बसू नका. थोडं चाला, कुशीवर पडा, ती ओसरते. मात्र बँड लावल्या लावल्याच सहन न होणारं दुखलं, तर तो थोडा खाली, त्वचेच्या जवळ बसलेला असू शकतो. तो काढता येतो, म्हणून तेव्हाच बोलायचं, घरी येऊन सोसत बसायचं नाही.

ताई, तुमच्या पत्रातल्या एका वाक्यानं मला रक्तापेक्षा जास्त काळजी वाटली. ‘खाल्लंच कमी तर जायलाच लागणार नाही, असा विचार करून मी रात्री जेवत नाही.’ असा विचार करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. गुदद्वाराच्या कोणत्याही दुखण्यात तो मनात येतोच. पण शौच म्हणजे फक्त खाल्लेल्याचा उरलेला भाग नसतो. त्यात पाणी असतं, आतड्यातले जिवाणू असतात, आतड्याच्या अस्तराच्या गळलेल्या पेशी असतात. तुम्ही उपाशी राहिलात तरी ते तयार होतच राहतं. फरक पडतो तो मऊपणात. चोथा कमी पडला की मोठं आतडं हळू चालतं आणि मल जितका जास्त वेळ आत राहील तितकं त्यातलं पाणी शोषलं जातं. त्यात तुम्ही पाणीही कमी केलंय. म्हणजे दोन दिवस टाळलेलं शौच तिसऱ्या दिवशी कडक, खडबडीत होऊन त्या ताज्या व्रणावरून जाणार. मग दुखेल, रक्त येईल, भीती वाढेल आणि तुम्ही आणखी कमी खाल. हे चक्र तोडायचं असेल तर आज रात्री जेवा.

प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम चोथा लागतो. भाज्या, सालासकट फळं, डाळी, कडधान्यं, न चाळलेल्या पिठाचे पदार्थ यांतून तो मिळतो. इतके दिवस कमी खाल्लंय म्हणून उद्या एकदम ताट भरून चोथा घेऊ नका, गॅस होऊन पोट फुगेल. तीन-चार दिवसांत वाढवत न्या. तोवर डॉक्टरांना विचारून इसबगोल घेता येईल. पण इसबगोल पाण्यावाचून काम करत नाही. एक मोठा पेला पाण्यात ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी थोडं पाणी, आणि घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. त्याचा गुण यायला एक ते तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशी काही झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी मात्रा दुप्पट करू नका. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे, अर्थात हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर. ऑफिसमध्ये सारखं उठावं लागेल म्हणून पाणी टाळत असाल, तर लघवीसाठी चार वेळा उठणं या दिवसांत तुमच्या फायद्याचंच आहे. बसून राहणंही आपोआप मोडेल.

जोराचे जुलाब मात्र घेऊ नका. कडक मलासारखंच पातळ, आग करणारं शौचही व्रणाला त्रास देतं. आपल्याला मऊ आणि बांधलेला मल हवाय. इसबगोलनं तो झाला नाही, तर लॅक्टुलोजसारखी मलात पाणी धरून ठेवणारी औषधं आहेत. ती किती घ्यायची, किती दिवस घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. दुखलं तर पॅरासिटामॉल पुरतं. आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो आणि कोडीन असलेल्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, म्हणून घरात पडलेली कुठलीही वेदनाशामक गोळी उचलून घेऊ नका. एनिमा किंवा गुदद्वारातून ठेवायच्या गोळ्या या काळात डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोत. मलमाचंही तसंच. स्टेरॉइड असलेलं मलम आठवडाभरापेक्षा जास्त लावत राहिलं तर तिथली त्वचा पातळ होते.

आता शौचाला बसण्याबद्दल जरा मोकळेपणानं लिहिते, कारण घरात यावर कुणी बोलत नाही. सकाळी काही खाल्ल्यावर मोठ्या आतड्याला आपसूक चालना मिळते. तो अर्धा तास स्वतःसाठी मोकळा ठेवा, घाईत डबे भरण्यात घालवू नका. कळ आली की लगेच जा. कळ दाबली तर मल तिथेच थांबून आणखी कोरडा होतो. कमोडवर बसत असाल तर पायाखाली एक वीतभर उंचीचं स्टूल घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर आले पाहिजेत. थोडं पुढे झुका, कोपरं मांड्यांवर टेकवा. श्वास कोंडून जोर लावायचा नाही. तोंड किंचित उघडं ठेवून हळू श्वास सोडा आणि त्याबरोबर पोट पुढे फुगवा. श्वास सोडत असताना जोरात कुंथणं अवघड जातं, बसून बघा म्हणजे कळेल. पाच मिनिटांत झालं नाही तर उठा, नंतर पुन्हा जा. आणि मोबाइल बाहेर ठेवा. ताई, हे मी आग्रहानं म्हणतेय. मोबाइल घेऊन बसलं की पाचाची पंधरा मिनिटं होतात, आणि तेवढा सगळा वेळ खालच्या शिरांमध्ये रक्त साचत राहतं.

शौचानंतर चोळून पुसू नका. पाण्यानं धुवा आणि मऊ कापडानं टिपून घ्या. मग एका पसरट टबात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसा. पाणी हाताच्या कोपराला सुखद वाटेल इतपतच. गरम पाण्यानं सूज वाढते. त्यात जंतुनाशक घालायची गरज नसते, त्यानं उलट आग होते. कोमट पाण्यानं गुदद्वाराचा आवळलेला स्नायू सैल पडतो, आणि अर्धं दुखणं त्या आवळण्याचंच असतं. दिवसातून दोन-तीनदा जमलं तर उत्तम, नाही जमलं तर शौचानंतरचं एकदाचं तरी चुकवू नका.

कामावर जात राहा, पण तासाभरानं उठून दोन मिनिटं चाला. मधे भोक असलेली गोल उशी घेऊ नका, तिच्यामुळे मधला भाग लोंबकळतो आणि ताण येतो. साधी मऊ उशी बरी. जड बादल्या, सिलिंडर, व्यायामशाळेतली वजनं दोन आठवडे तरी नकोत. चालणं आजपासूनच चालेल. आणि पुढच्या आठवडाभरात लांबचा, वैद्यकीय मदत मिळणार नाही असा प्रवास ठरला असेल तर तो पुढे ढकला. उशिरा होणारा रक्तस्राव याच दिवसांत होतो.

‘मीच ओढवून घेतलं का’ हा तुमचा दुसरा प्रश्न. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येकाला जन्मापासून असतात. गुदद्वार नीट बंद राहण्यात त्यांचा हात असतो. त्यांना धरून ठेवणाऱ्या ऊती सैल पडल्या आणि त्या खाली सरकायला, सुजायला लागल्या की आपण त्याला मूळव्याध म्हणतो. गरोदरपण, वाढतं वय, बद्धकोष्ठ, वर्षानुवर्षांचं कुंथणं अशी कारणं एकमेकांत मिसळलेली असतात. तुमचा त्रास दुसऱ्या बाळंतपणात सुरू झाला, आणि गरोदरपणात तो होणं फार सामान्य आहे. बसण्या-खाण्याच्या सवयी बदलायला हव्यात, ते वर लिहिलंच. पण ‘ही शिक्षा आहे’ या भावनेनं त्या बदलत नाहीत. माणूस फक्त लपवायला शिकतो.

आणि लपवण्याबद्दलच आता. हे सगळ्यांना सांगितलंच पाहिजे असं मला वाटत नाही. हा तुमच्या शरीराचा खाजगी भाग आहे. सासरच्या मंडळींना, ऑफिसला तपशील कळायचं काही कारण नाही. ऑफिसात ‘एक लहान शस्त्रक्रिया झालीय, दोन आठवडे वजन उचलायचं नाही आणि मधूनमधून उठावं लागेल’ एवढं पुरतं. त्यापुढे कुणी खोदून विचारलं तर ‘बरी आहे आता’ म्हणा आणि विषय बदला. पण घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला खरं माहीत असायला हवं. रात्री रक्त जास्त गेलं, चक्कर आली, तर बंद दाराआड काय झालंय हे बाहेरच्याला कळणार कसं? ‘पोट बिघडलंय’ एवढंच ठाऊक असलेला नवरा तेव्हा तुम्हाला जुलाब थांबवायचं औषध देईल.

तुम्ही लिहिलंय की ‘त्यांना किळस वाटेल’. हे त्यांनी म्हटलंय, की तुम्ही त्यांच्या वतीनं धरून चाललाय? पत्रात तरी त्यांचं असं एकही वाक्य मला दिसलं नाही. सांगायला अवघड जात असेल तर आजाराच्या नावापासून सुरुवात करू नका. गरजेपासून करा: ‘मागच्या आठवड्यात माझ्यावर एक छोटा उपचार झालाय. अजून दोन आठवडे जपायचंय. सकाळी अर्धा तास मला मोकळा लागेल, भरलेल्या बादल्या तुम्ही उचला, आणि रात्री मला अस्वस्थ वाटलं तर दवाखान्यात न्यावं लागेल.’ पुढचे प्रश्न ते विचारतील, त्यांची उत्तरं जमतील तेवढी द्या. त्यांच्याशी बोलणं खरंच शक्य नसेल, तर बहीण चालेल, मैत्रीण चालेल. फक्त तिच्याकडे तुमच्या सर्जनचा नंबर असू द्या.

इतर वाचकांसाठी थोडं. हे सगळं आतल्या मोडावर बँड लावलेल्यांसाठी आहे. सुजलेला मोड आकसण्यासाठी इंजेक्शन घेतलं असेल किंवा इन्फ्रारेड किरणांनी उपचार झाला असेल, तरी काळजी बरीचशी हीच, त्रास बहुधा कमी. मोड कापून काढण्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर मात्र तुलना करू नका. तिथे जखम त्वचेपर्यंत येते, दुखणं बरंच जास्त असतं आणि सावरायला कित्येक आठवडे लागतात. आणि ज्यांनी अजून तपासूनच घेतलं नाही, केवळ रक्त पडतंय म्हणून ‘मूळव्याधच असणार’ असं स्वतः ठरवलंय, त्यांनी आधी तपासून घ्या. रक्त गुदद्वाराच्या चिरेतूनही येतं, आतड्याच्या गाठीतूनही येतं. वय पंचेचाळिशीच्या पुढे असेल, शौचाची सवय अलीकडे बदलली असेल, वजन घटत असेल, रक्त काळपट किंवा मलात मिसळलेलं असेल, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असेल, तर दुर्बिणीनं आतडं आतून बघण्याच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचाराच. ताई, तुमच्या बाबतीत ही तपासणी लागते का, हे तुम्हीही पुढच्या भेटीत विचारून घ्या. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही.

राहिला दुसरा बँड. त्याचा निर्णय आज करायचा नाही. एका बैठकीत सगळे मोड न बांधता काही आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा बोलावणं ही नेहमीची पद्धत आहे. पहिला फसला म्हणून दुसरा, असा त्याचा अर्थ होत नाही. पण मूळव्याधीचा उपचार त्रासासाठी असतो. तपासणीत गादी दिसते एवढ्यानं ती बांधायलाच हवी असं नाही. सहा आठवड्यांत रक्त थांबलं, मोड बाहेर येणं थांबलं, शौच मऊ होऊ लागलं, तर ‘आता नाही केलं तर काय होईल? वाट बघता येईल का?’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्रास उरला असेल तर मी जा म्हणेन. या वेळच्या भीतीचा बराचसा भाग पुढे काय होणार हे माहीत नसल्याचा होता, आणि ते आता तुम्हाला माहीत आहे. जायचं ठरलं तर सुटीच्या आदल्या दिवसाची वेळ मागा, सोबत कुणाला तरी न्या, आठवडाभर आधीपासून शौच मऊ राहील असं बघा. आणि मागच्या वेळी चक्कर आली होती हे टेबलावर आडवं होण्याआधीच सांगा. बँड लावताना अशी चक्कर काहींना येते. आधी कळलं तर डॉक्टर तुम्हाला संपल्यावर लगेच उठवणार नाहीत, दहा-पंधरा मिनिटं तिथेच पडून राहू देतील.